मॅडमचा उंदीर

“पान्यावर कुकर तपासनं म्हंजे फोटो पाहून पोरगी देनं,” असं आमचे कुकरमिस्त्री म्हणत.

पाणी सभ्य असतं, असं त्यांचं मत होतं. ते कुठल्याही कुकरमध्ये मुकाट्याने उकळतं. कुकरचा खरा स्वभाव कळतो तो डाळीचा फेस वर चढला आणि टोमॅटोचं साल शिट्टीच्या भोकाशी येऊन बसलं म्हणजे. म्हणून दारव्ह्याच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात दुरुस्त झालेला प्रत्येक कुकर भाजीवर तपासला जाई. तीन शिट्ट्या नीट झाल्या की कुकर बरा. मग प्रश्न उरे तो आत शिजलेल्याचा. फेकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि एवढं सगळं एकट्याच्या पोटात बसत नव्हतं. तेव्हा गल्लीतली मुलं घरून आपापल्या वाट्या घेऊन येत. त्या पातळ, केशरी, जिऱ्याच्या वासाच्या पदार्थाला कोणी सूप म्हणत नसे. मुलं एकमेकांना हाका मारत, “चाल बे, टेस्टिंग प्याले!” प्याले म्हणजे प्यायला.

बाळा, परवा तुझ्या आईचा फोन आला. धाकटी चिमणी काही खात नाही, ताट पुढे केलं की ओठ शिवून बसते, म्हणाली. “आणि हा सारखा सांगतोय, तिला टेस्टिंग करून दे. आई, टेस्टिंग म्हणजे नक्की काय हो?” मी म्हटलं, लिहून पाठवते. लिहायला मी इंग्रजीतच बसले होते. तुला सोपं गेलं असतं आणि मीही शाळेत जन्मभर तेच शिकवलं. पण मिस्त्री इंग्रजीत मावेनात. दोन कागद फाडले आणि मराठीत आले.

दुसरं एक कारण आहे, तेही सांगून टाकते. तुझे बाबा माझ्या कुठल्याही पत्राचं पहिलं पान वाचतात आणि “आईने छान लिहिलंय” म्हणून बाकीची पानं पाकिटात घालतात. लहानपणी धड्याचंही तसंच करायचे. म्हणून पहिल्या पानावर फक्त पाककृती लिहिली आहे, क्रमांक घालून, समास सोडून. ती तुझ्या आईला दे. ही बाकीची पानं तुझी. तू वाच आणि चिमणीला वाचून दाखव. तुझ्या आईबाबांना यातल्या दोन गोष्टी अजून ठाऊक नाहीत.

मिस्त्री उंच आणि काटकुळे होते. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी कुकरच्या जुन्या रिंगेची पट्टी डोक्यामागून फिरवून त्यांनी चष्मा पक्का बांधला होता. रिंग म्हणजे झाकणाच्या आत बसते ती रबरी कडी. ती फाटली की वाफ बाजूने निसटते आणि शिट्टी होतच नाही. दुकानाच्या भिंतीवर खिळ्याखिळ्यांना अशा रिंगा मापाप्रमाणे लटकलेल्या असत. दाराशी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘येथे कुकर तपासला जाईल. काय झालं ते सांगू नये.’

आणि खरंच ते सांगू देत नसत. एकदा मी तिथे उभी असताना आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाई आल्या.

“मिस्त्री, याची शिट्टी ना...”

“थांबा वैनी. पेशंटले बोलू द्या.”

त्यांनी कुकर कानाशी धरला, फिरवला, बोटाच्या पेराने तीन ठिकाणी वाजवला. “याच्यावर आदळआपट झाली. झाकनाले पोचा असला म्हंजे सासू. बुडाले असला म्हंजे नवरा. हा पोचा मधात हाय.”

“मग मधला पोचा कोणाचा?” मी विचारलं.

“तो ज्याचा त्याले मालूम असते, मॅडम.”

वकिलीणबाई लाल झाल्या आणि कुकर उद्या घेऊन जाते म्हणून निघून गेल्या.

माझी स्वतःची पहिली भेट याहून बरी झाली नव्हती. मी कुकरला चिठ्ठी बांधून नेली होती. चार तक्रारी, एक ते चार क्रमाने. मिस्त्रींनी चिठ्ठी सावकाश वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “अक्षर लय सुंदर हाय.” नंतर त्यांनी कुकरमध्ये पाचवाच दोष काढला, तो दुरुस्त केला आणि माझ्या चारही तक्रारी आपोआप मिटल्या. मी चिठ्ठी परत मागितली. म्हणाले, “राहू द्या. पोरीले दाखवीन. तिचं अक्षर लय गचाळ हाय.”

त्यांची पोरगी माझ्याच वर्गात होती. अक्षर खरंच गचाळ होतं. ही पोरगी लक्षात ठेव, ती पुढे माझ्या अंगाशी येणार आहे.

एवढ्या कुकरांचा हा हकीम, पण त्यांच्या स्वतःच्या घरी भात पातेल्यात शिजे. त्यांच्या बायकोने लग्न झाल्यापासून एक कुकर मागितला होता. “देतो न,” ते म्हणत, “पन मनासारखा भेटला पायजे. मले सगळ्याइचे ऐब मालूम हायत.” ऐब म्हणजे खोड. त्या बिचारीने भाताची पेज काढत काढत जन्म काढला.

टेस्टिंगचे नियम मात्र कडक होते. शेगडीपासून चार पावलांवर ते खडूने अर्धगोल रेघ ओढत. वाफ पूर्ण उतरेपर्यंत रेघेच्या आत कोणी यायचं नाही. मुलांनी नाही, गिऱ्हाइकांनी नाही, शेगडी पेटवून झाली की त्यांनी स्वतःही नाही; गॅस ते रेघेबाहेरच्या सिलिंडरवरूनच बंद करत. एकदा आपला कुकर न्यायला आलेला पोलीस शिपाई गणवेशात त्या रेघेमागे मांडी घालून बसलेला मी पाहिला आहे. शिट्ट्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायच्या. झाकण निघालं की मिस्त्री रवीने आतलं घोटत. मिक्सर त्यांना मान्य नव्हता. “ज्याले दात नाई त्यानं मिक्सर घ्यावा,” म्हणत. मग छोट्या कढल्यात तूप-जिऱ्याची फोडणी, वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि सगळ्यात शेवटी मीठ. वाट्या भरल्या जात. मुलं पीत. आणि मग मिस्त्री कुकरचं झाकण उंच धरून विचारत, “बोला! पास का नापास?”

हात वर होत. एकानेही नापास म्हटलं तर कुकर गिऱ्हाइकाला मिळत नसे. एकदा एका मुलीने एकटीने नापास म्हटलं. कारण विचारलं तर “असंच” म्हणाली. मिस्त्रींनी शिट्टी पुन्हा खोलली, सुई घातली, तर आत जुन्या डाळीचा मोहरीएवढा खडा. त्यांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. “पाहा! डोये चुकतात, जीभ चुकत नाई.” त्या दिवसापासून ती मुलगी गल्लीत डॉक्टरीण झाली.

आता तुझ्याकडे येते.

चिमणी तेव्हा तुझ्या आईच्या पोटात होती आणि डॉक्टरांनी आईला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. म्हणून बाबा तुला माझ्याकडे सोडून गेले. तू चार वर्षांचा होतास. जाताना बाबांनी मला दोन अटी घातल्या. एक, बाहेरचं काही खायला द्यायचं नाही. दोन, दर रविवारी सकाळी तुला काट्यावर उभं करून फोनच्या कॅमेऱ्यात वजन दाखवायचं. वजन घसरलं तर ते येऊन तुला घेऊन जाणार. तिकडे आईकडे बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे तिला एकटं टाकून येणार. तेव्हा तू खाणं ही साधी गोष्ट नव्हती. तुझ्या एकेका घासावर दोन घरं टांगलेली होती.

आणि तू खात नव्हतास. वरणभात नाही, पोळी नाही, खीर नाही. मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून मापं काढून सूप केलं. कप, चमचे, गाळणी, घड्याळ. तू वाटीत डोकावून पाहिलंस आणि अतिशय नम्रपणे म्हणालास, “नो थँक्यू.” नम्रपणा माझ्याच घराण्यातला, त्यामुळे रागावताही येईना.

पहिल्या रविवारी काटा थोडा उतरला. बाबांनी फोनवर मला तो आकडा दोनदा वाचायला लावला.

त्याच आठवड्यात माझ्या कुकरची शिट्टी खरोखर अडकली. बाजाराचा दिवस होता. तुझा हात धरून दुकानात गेले. चिठ्ठी बांधायची सवय मी तोवर मोडली होती. मिस्त्रींनी कुकर उघडला, साफ केला आणि रेघ ओढायला घेतली. तू माझा हात सोडून इतर मुलांच्या रांगेत जाऊन बसलास. तुला मराठीतले अंक पाचापर्यंत येत होते. शिट्टी झाली तसा तू सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलास, “एक!”

तुझ्याकडे वाटी नव्हती. मिस्त्रींनी कुकरचाच छोटा डबा धुऊन तुझ्यासमोर ठेवला. मी “त्याला नको, तो...” म्हणेपर्यंत तू डबा तोंडाला लावला होतास. संपवलास. पुन्हा पुढे केलास. दुसऱ्यांदा संपवून हात वर केलास आणि म्हणालास, “पास!”

बाबांची पहिली अट तिथे बाजारात, भर दुपारी मोडली. ही त्या दोन गोष्टींपैकी पहिली.

दुसऱ्या दिवशी मी तेच सूप घरी केलं. मिस्त्रींकडून माप लिहून आणलं होतं. “जितके पोट्टे तितके टमाटे,” त्यांनी सांगितलं. “दोन पोट्ट्याइमागं एक गाजर. कोहळ्याची फोड पंजाएवढी. लौकी असली तं घाला. तुरीची डाय मूठभर, पन माह्या मुठीनं, तुमची मूठ लहान हाय.” पोट्टे म्हणजे मुलं, कोहळं म्हणजे लाल भोपळा, लौकी म्हणजे दुधी. मी सगळं आणलं. डाळीसाठी त्यांची मूठ डोळ्यासमोर आणून दीड मूठ घातली. रंग तोच, वास तोच. तू वाटीकडे पाहिलंस आणि म्हणालास, “आजी, इट इज नॉट टेस्टेड.”

मी मुलांना परीक्षेत नापास केलं आहे, इन्स्पेक्टरसाहेबांनी मला फैलावर घेतलं आहे, पण असा निकाल माझ्याविरुद्ध कधी लागला नव्हता.

सरळ मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, “रोज याच्यासाठी थोडं करत जा. भाजी मी देते.”

“कोनतं कुकर हाय?”

“कुकर नाही. नुसतं सूप.”

त्यांनी चष्म्याची पट्टी सारखी केली. “मॅडम, बिमार नाई त्याले औषध कायले? हे काही हॉटेल नाई. कुकर आना, टेस्टिंग होईन.”

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून दोन-तीन कुकर येत. बाकीच्या दिवशी एखादाच, कधी तोही नाही. म्हणून मी घरोघर फिरले. “तुमचा कुकर कसा आहे हो?” असं विचारू लागले. लोकांना वाटलं, निवृत्त झाल्यावर मॅडमनी कसली एजन्सी घेतली. वकिलीणबाई म्हणाल्या, “आमचा अगदी मजेत आहे,” आणि दार लावलं. तरी माळ्यांवरून, पलंगांखालून मी सहा कुकर गोळा केले. एकात तर कुणी सुतळीचे गुंडे ठेवले होते. सहा कुकर, सहा दिवस. त्या रविवारी काटा वर सरकला आणि बाबा फोनवर हसले.

मग कुकर संपले. त्यातच मिस्त्री तीन दिवस भाच्याच्या लग्नाला आर्णीला गेले. रविवारी काटा पुन्हा खाली. बाबा म्हणाले, “आई, तुझी काही चूक नाही. पण पुढच्या रविवारी असंच असलं तर मी तिकीट काढतो.” मागून तुझ्या आईचा आवाज आला, “मी राहीन एकटी, मला काही होत नाही.” तो आवाज ऐकून मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. आपला कुकर ओट्यावर उभा होता, ठणठणीत. मी दार लावून घेतलं. शिवणाची कात्री काढली. झाकणातली रिंग बाहेर काढली आणि दोन ठिकाणी कापली. तुझ्या आजीने, जिने एक खोटी सही पकडण्यासाठी एकदा अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासल्या होत्या. ही दुसरी गोष्ट.

दुकानात आधीच पाच-सहा मुलं येऊन बसली होती. मिस्त्रींनी झाकण घेतलं. या खेपेला त्यांनी कान लावला नाही. रिंग काढली, उजेडात धरली, वाकवली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हे कायनं झालं?”

पाटीवर लिहिलेलं असूनही ते विचारत होते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“उंदराने कुरतडली असेल,” मी म्हटलं.

“उंदरानं.”

“घरात फार झालेत.”

त्यांनी रिंग मुलांसमोर धरली. “पाहा रे. उंदीर कुरतडते तं कसं दिसते?”

“दातरं दातरं!” डॉक्टरीण म्हणाली.

“अन हे?”

“सरळ!”

“मंग हा उंदीर कैची घेऊन आलता काय?”

मुलं अशी हसली की शेजारचा बियाण्यांचा दुकानदार बाहेर येऊन पाहू लागला. तूही हसत होतास. तुला काही कळलं नव्हतं, पण सगळे हसत होते.

मग मी सगळं सांगितलं. काटा, रविवार, तिकीट, तुझी आई. बाजारात, उभ्या उभ्या, क्रम वगैरे न लावता. मिस्त्री ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, “मॅडम, माह्या पोरीले तुमी एक तास उभं ठेवलतं. तिनं म्हनलं वही घरी राह्यली. वही लिवलीच नव्हती.”

“आठवतं मला,” मी म्हटलं. खरंच आठवत होतं.

“ते बराबर केलं तुमी. खोटं बोलल्यावर उभं राहा लागते.” ते शेगडी पेटवायला वाकले. “तीन शिट्ट्या होईस्तोवर.”

“म्हणजे?”

“म्हंजे रेघेच्या मांगं. बसाचं नाई.”

बाळा, मी उभी राहिले. दारव्ह्याच्या बाजारात, इस्त्रीच्या पातळात, हातात वाटी घेऊन. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी भाजीच्या पिशव्या घेऊन समोरून गेल्या. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. एकीने विचारलं, “मॅडम, इथं काहून उभ्या?” मुलं एका सुरात म्हणाली, “सजा हाय!”

पहिली शिट्टी व्हायला इतका वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तेवढ्यात तू रांगेतून उठलास आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिलास. माझं बोट धरलंस. मिस्त्री म्हणाले, “ए, तुले सजा नाई. बस.” तू मान हलवलीस. तिन्ही शिट्ट्या तू माझ्यासोबत उभ्याने मोजल्यास.

नवी रिंग उत्तम बसली होती. तू दोन वाट्या प्यायलास. मी प्यायले आणि सवयीने म्हणाले, “मीठ जरा कमी आहे.” सगळी मुलं माझ्याकडे वळून पाहू लागली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “मॅडम, मिठाचं कोनी इचारलं नाई. पास का नापास?”

“पास,” मी म्हटलं.

मी कुकर उचलायला गेले तर त्यांनी हात ठेवला. “कुठं?”

“घरी. झाला ना बरा?”

“कापलेल्याले लगेच सुट्टी देते का कोनता डॉक्टर?” ते गंभीर होते. “ऑपरेशन झालं याचं. दहा दिवस भरती राहीन. रोज तपासनी लागते. तुमी पोट्टं घेऊन येत जा, पेशंट तुमचा हाय.”

मी कुकरवरचा हात काढला. त्यांनी नियम मोडला नव्हता. नियम जागच्या जागी होता; त्यांनी फक्त कुकर भरती केला होता.

दहा दिवस रोज टेस्टिंग झालं. पुढच्या रविवारी काटा असा वर गेला की बाबा म्हणाले, “आई, पुन्हा उभा कर, काटा बिघडलाय का?” मी म्हटलं, “काटा तपासून आणलेला आहे.” तेवढं मात्र खरं होतं.

अकराव्या दिवशी मिस्त्री स्वतः सायकलवर कुकर घेऊन घरी आले. तोवर मी ओट्यासमोरच्या फरशीवर पट्टी लावून खडूची रेघ आखून ठेवली होती. त्यांनी ती पायाने पुसली. “वाफ काय पट्टी लावून येते?” म्हणाले आणि अर्धगोल ओढला. मग तुला रेघेमागे बसवलं आणि तुझ्या हातात एक जुनी शिट्टी दिली. “आजपासून इथचा इन्स्पेक्टर तू. आजीवर नजर ठेव. कैचीवर बी.”

माझ्या फरशीवर खडूची भुकटी सांडलेली मला चालत नाही, पण ती रेघ तू जाईपर्यंत रोज मी हातानेच ओढत होते. तू रोज हात वर करून पास म्हणायचास. एकदाच नापास म्हणालास. शिट्टी खोलून पाहिली तर आत काही नव्हतं. “काय झालं?” विचारलं तर म्हणालास, “उद्या जायचंय.”

कापलेली रिंग मिस्त्रींनी फेकली नाही. सगळ्या रिंगांच्या वर वेगळा खिळा ठोकून तिथे टांगली. तिला माझीच चिठ्ठी बांधली, ती जुनी, चार तक्रारींची, आणि तिच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘मॅडमचा उंदीर’. येणारा जाणारा विचारी आणि मिस्त्री सांगत. पाच वर्षं मी बाजारात पलीकडच्या बाजूने चालले. मुलं तरी लांबून ओरडायची, “मॅडम, उंदीर बरा हाय!”

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नजरेने दगा दिला. शिट्टीत सुई जाईना. दुकान दुसऱ्याला देऊन ते बायकोसह आर्णीला लेकीकडे राहायला निघाले. लेक आता तिथल्या शाळेत शिकवते. अक्षर सुधारलं असावं. जाण्याआधी माझ्याकडे आले. सायकलवर मागे एक कुकर बांधला होता. “बायकोसाठी,” म्हणाले. “मनासारखा भेटला?” मी विचारलं. “नाई. पन आता दिसत नाई मले, तं ऐब बी दिसत नाई.”

मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. आत रिंग होती, चिठ्ठीसकट.

“दुसऱ्याच्या भिंतीवर तुमची इज्जत कायले ठेवू?”

मी पुडीची घडी पुन्हा घातली. जिन्याच्या पायरीवर ते थांबले. “आपलं पोट्टं खाते का आता?”

“सगळं खातो. कारलंसुद्धा.”

“मंग पास,” म्हणाले आणि गेले.

आता काम सांगते. या पत्रासोबतच्या डब्यात लाडवांच्या खाली एक पुडी आहे. त्यात एक शिट्टी आहे, ती तुझी, तू विसरून गेला होतास. आईला पाककृतीप्रमाणे करू दे. टोमॅटो दोन मुलांना दोन. डाळ तुझ्या बाबांच्या मुठीने, त्यांची मूठ मिस्त्रींएवढी आहे. तुमच्या लाकडी जमिनीवर खडू चालत नसेल तर दोरी ठेव, पण अर्धगोल ठेव. चिमणीला रेघेमागे बसव. शिट्टी तिच्या हातात दे आणि सांग की तिने पास म्हटल्याशिवाय हा कुकर बरा ठरणार नाही. नापास म्हणाली तर रागावू नकोस. शिट्टी खोल आणि नीट बघ. आत काही सापडलं नाही तर तिलाच विचार.

त्याच पुडीत रिंगही आहे. ती कुठल्याही कुकरला बसणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला लाव. चिठ्ठी मी काढून ठेवली आहे. बाबा विचारतील, ही अशी मधेच कापलेली रिंग कसली?

उंदराने कुरतडली म्हणून सांग.